नामांकित कंपनी सोडून लहान कंपनीत गुणवत्ता प्रमुख व्हावे का?

उंबरठ्यावर

नमस्कार. वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या एका जगप्रसिद्ध कंपनीच्या गुणवत्ता विभागात मी बरीच वर्षे काम करते आहे. एका उत्पादनगटाच्या तक्रारींचे विश्लेषण करणे, दोषाचे मूळ कारण शोधणे आणि त्यावरील सुधारणा, म्हणजे आमच्या भाषेत 'कॅपा', शेवटपर्यंत नेणे हे माझे काम. काम आवडते, पगार चांगला आहे, वरिष्ठ सभ्य आहेत. मात्र माझ्यावर तीन पायऱ्या आहेत आणि त्यांपैकी कोणतीही नजीकच्या काळात रिकामी होण्याची चिन्हे नाहीत. मी जे निष्कर्ष काढते त्यांवर निर्णय दुसरेच कोणी घेते, आणि कित्येकदा तो निर्णय का घेतला गेला हे मला महिन्याभराने एखाद्या सादरीकरणातून कळते.

आता सुमारे सत्तर माणसांच्या एका कंपनीने मला गुणवत्ता आणि नियामक विभागाचे प्रमुखपद देऊ केले आहे. शिरेतून औषध देण्यासाठी लागणारे निर्जंतुक, एकदाच वापरायचे साहित्य ते बनवतात. हाताखाली पाच-सहा माणसे असतील आणि मी थेट संस्थापकांना उत्तरदायी असेन. मूळ पगार थोडा वाढतो, पण आताचा बोनस जातो, त्यामुळे वर्षाची एकूण मिळकत कमीच होईल. ती तूट भरून काढण्यासाठी शेअरचे ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क, देण्याची त्यांची तयारी आहे.

माझ्या शंका अशा. एक, बायोडेटावरचे मोठे नाव सोडून कोणी न ऐकलेले नाव लावल्यास पुढे दारे बंद होतील का? दोन, हे जमले नाही तर पुन्हा मोठ्या कंपनीत परतता येते का? आणि तिसरी शंका, जी मला सर्वांत जास्त छळते: आजवर मी जे चांगले काम केले त्यातले माझे किती आणि कंपनीच्या यंत्रणेचे किती, हे मला खरोखरच सांगता येत नाही. अशा प्रकारचा बदल स्वतः केलेल्यांनी, किंवा विचारपूर्वक टाळलेल्यांनीही, लिहिल्यास आभारी राहीन.

आकडेमोड

तुमची तिसरी शंका या प्रश्नाचा गाभा आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे बोरिस ग्रॉयसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न आकड्यांनी तपासला होता. १९८८ ते १९९६ या काळात अमेरिकेतील ७८ गुंतवणूक बँकांमध्ये काम करणाऱ्या १,०५२ नावाजलेल्या शेअर विश्लेषकांचा त्यांनी मागोवा घेतला. या व्यवसायात माणूस एकटा काम करतो, त्याचे ज्ञान त्याच्या डोक्यात असते आणि बँक बदलली तरी ते सोबत जाते, अशी सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात, ज्यांनी बँक बदलली त्यांच्यापैकी ४६ टक्के विश्लेषकांची कामगिरी पुढच्या वर्षी खालावली. ही घसरण सरासरी २० टक्क्यांच्या आसपास होती आणि पाच वर्षांनंतरही ते पूर्वीच्या पातळीवर आलेले नव्हते. सबळ यंत्रणेच्या बँकेतून दुबळ्या यंत्रणेच्या बँकेत गेलेल्यांना फटका अधिक बसला. आपले सहकारी सोबत घेऊन गेलेल्यांचे मात्र बरेच निभावले.

हे वाचून तुम्ही लगेच नकार कळवावा असे मला सुचवायचे नाही, कारण त्या विश्लेषकांत आणि तुमच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. ते जुनेच काम नव्या जागी करायला गेले होते. तुम्ही वेगळे काम करायला जात आहात, त्यामुळे पहिल्या वर्षी तुमची 'कामगिरी घसरली' असे कोणी म्हणेल तर ती कशाच्या तुलनेत, हेच ठरवता येणार नाही. परंतु त्या अभ्यासातून एक गोष्ट नक्की घ्यावी: यंत्रणेचा वाटा आपल्याला आतून दिसत नाही.

तो दिसावा यासाठी एक खटाटोप करून पाहा. गेल्या वर्षभरात तुम्ही पूर्ण केलेल्या सर्वांत अवघड तीन-चार चौकशा घ्या आणि प्रत्येकीत कोणाचे काय काम वापरले गेले ते लिहून काढा. नमुन्याचा आकार कोणत्या संख्याशास्त्रज्ञाने ठरवला, पदार्थाची चाचणी कोणत्या प्रयोगशाळेने केली, पुरवठादाराकडे जाऊन त्याची झडती कोणी घेतली, कागदपत्रांच्या आवृत्त्या कोणी सांभाळल्या, नियामकाला पाठवायच्या पत्राचा मसुदा कोणी तपासला. त्या यादीतल्या प्रत्येक नावासमोर लिहा की लहान कंपनीत हे काम मी स्वतः करेन, बाहेरून विकत घेईन, की त्याच्याशिवाय चालवेन. तिसऱ्या प्रकारात अनेक नोंदी आल्या तर त्या तशाच संस्थापकांसमोर ठेवा. त्यांच्या उत्तरावरून तुम्हाला पदाविषयी जितके कळेल तितके नेमणूकपत्रावरून कळणार नाही.

नावाविषयी थोडक्यात. तुम्ही तिथे बरीच वर्षे काढली आहेत, ती ओळ बायोडेटावरून कोणी पुसत नाही. तिचा उपयोग पुढच्या एका नोकरीपुरता फार होतो, त्यानंतर लोक अलीकडे काय केले हेच विचारतात, आणि हे तुम्ही आहे तिथेच राहिलात तरी खरे आहे. शिवाय नावालाही शाश्वती नसते. आर्थर अँडरसन ही जगातल्या पाच सर्वांत मोठ्या लेखापरीक्षण संस्थांपैकी एक होती. एन्रॉन या तिच्या ग्राहक कंपनीच्या हिशेबातील घोटाळ्यानंतर २००२ या एका वर्षात ती लयाला गेली आणि तिथल्या हजारो निर्दोष लोकांना तेच नाव मुलाखतीत समजावून सांगत बसावे लागले.

स्वल्पविराम

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, पण त्यात आणि मूळ प्रश्नातही एक गृहीत धरलेले दिसते की राहणे म्हणजे जोखीम न घेणे. तीन पायऱ्या वर माणसे बसलेली असताना आणखी पाच वर्षे केवळ निष्कर्ष काढत राहिले की माणूस निष्कर्ष काढण्यातच पारंगत होतो. मग प्रमुखपद खरोखर रिकामे होते तेव्हा, निर्णय घेण्याचा अनुभव नाही म्हणून बाहेरचा उमेदवार आणला जातो. हे मी मोठ्या संस्थांत अनेकदा पाहिले आहे.

अशा चर्चांत पुढे अ‍ॅपलचे प्रमुख झालेल्या टिम कुक यांचे उदाहरण कोणीतरी देतेच, म्हणून आधीच लिहितो. कॉम्पॅक ही त्या वेळची आघाडीची संगणक कंपनी सोडून ते १९९८ मध्ये अ‍ॅपलमध्ये गेले, तेव्हा अ‍ॅपलने आदल्या आर्थिक वर्षात सुमारे १०० कोटी डॉलरचा तोटा सोसला होता. पुढे कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत विलीन झाली आणि अ‍ॅपलचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. गोष्ट छान आहे, पण तिच्यावरून काही ठरवू नये. ज्यांनी असेच पाऊल उचलले आणि ज्यांची नवी कंपनी बुडाली, त्यांच्या मुलाखती छापून येत नाहीत.

अखेरचीसही

मी दोन लहान उपकरण कंपन्यांत गुणवत्ता प्रमुख म्हणून काम केले आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

प्रमुखपद मोठे आहे की नाही हे हुद्द्यावरून, हाताखालच्या माणसांवरून किंवा संस्थापकांच्या किती जवळ बसता यावरून ठरत नाही. ते एकाच गोष्टीवरून ठरते: तयार माल तुम्ही अडवला तर तो अडतो का? तुमच्या सध्याच्या कंपनीत माल अडवणे हा एका प्रक्रियेचा भाग आहे. कोणा एका व्यक्तीला त्यासाठी उभे राहावे लागत नाही, कारण तिच्या मागे नियमावली, समित्या आणि गेल्या अनेक वर्षांची सवय उभी असते. सत्तर माणसांच्या कंपनीत ती सवय म्हणजे तुम्हीच. महिनाअखेरीला ट्रक दारात उभा आहे, ग्राहक दिवसातून चार वेळा फोन करतो आहे, निर्जंतुकीकरणाचा अहवाल अजून प्रयोगशाळेतून आलेला नाही आणि विक्री प्रमुख सांगतो आहे की आजवर एकही बॅच नापास झालेली नाही, मग कागद उद्या आला तरी काय बिघडते. माझ्या पहिल्या लहान कंपनीत ही चर्चा जवळजवळ दर महिन्याला होई. संस्थापक ओरडत नसत, उलट अतिशय नम्रपणे विचारत, आणि नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाला नाही म्हणणे अधिक कठीण जाते.

कागदावर तुमची बाजू भक्कम असते. आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत, गुणवत्तेवर परिणाम करणारे काम करणाऱ्या आणि ते तपासणाऱ्या लोकांना त्यासाठी लागणारे स्वातंत्र्य आणि अधिकार व्यवस्थापनाने द्यावेत असे स्पष्ट म्हटले आहे, आणि व्यवस्थापनाचा प्रतिनिधी नेमण्याची अटही आहे. ती व्यक्ती बहुधा तुम्हीच असाल. तेव्हा तुमच्या नेमणूकपत्रात किंवा त्याला जोडलेल्या कामाच्या वर्णनात 'बॅच रोखण्याचा आणि मोकळी करण्याचा अंतिम अधिकार' हे शब्द असले पाहिजेत, आणि तो निर्णय फिरवायचा असल्यास तो कोणी, लेखी कारण देऊन फिरवायचा हेही लिहिलेले असले पाहिजे. हे लिहून द्यायला जे संस्थापक तयार नसतात, त्यांना गुणवत्ता प्रमुख हवा नसतो, ऑडिटच्या दिवशी पुढे करायला एक अनुभवी चेहरा हवा असतो. तुमच्या जुन्या कंपनीचे नाव त्यांना त्यासाठीच मोलाचे वाटू शकते, हेही ध्यानात ठेवा.

याची दुसरी बाजू उत्तरदायित्वाची. आज तुमच्या विश्लेषणात उणीव राहिली तर कंपनी उत्तर देते. उद्या सही तुमची असेल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये पार्क खटल्यात असे मान्य केले की उल्लंघन टाळण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा अधिकार ज्या अधिकाऱ्याकडे होता, त्याने स्वतः ते कृत्य केले नसले तरी त्याला वैयक्तिकरीत्या दोषी धरता येते. तो खटला किराणा दुकानांच्या साखळीच्या गोदामातील उंदरांचा होता, पण ते तत्त्व औषधे आणि उपकरणे यांनाही लागू होते. युरोपीय संघाच्या वैद्यकीय उपकरणांसाठीच्या २०१७/७४५ या नियमावलीत तर नियामक पालनासाठी जबाबदार अशी पात्र व्यक्ती असण्याची अटच आहे. त्यामुळे तुमचा माल कोणकोणत्या बाजारांत जातो हे आधी विचारा, आणि पदाधिकाऱ्यांसाठीच्या दायित्व विम्यात तुमचा समावेश असेल का हेही विचारा. अधिकार नसलेले पण दायित्व असलेले पद कोणत्याही पगाराला घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

होकार देण्यापूर्वी काही कागद पाहायला मागा. गोपनीयतेचा करार करावा लागला तरी हरकत नाही. प्रमाणन संस्थेच्या मागच्या ऑडिटचा अहवाल, उघड्या कॅपांची यादी त्यांच्या वयासह, गेल्या वर्षातल्या तक्रारींची नोंदवही आणि नाकारलेल्या बॅचचा तपशील. या शेवटच्या कागदात काहीच नसेल तर आनंदू नका. निर्जंतुक साहित्य बनवणाऱ्या कारखान्यात वर्षभर एकही बॅच थांबली नसेल तर बहुधा थांबवणारेच कोणी नसते. आणि तुमच्या आधी या पदावर कोण होते, ते का गेले, हा प्रश्न संस्थापकांना विचारून झाल्यावर त्या व्यक्तीलाही विचारा.

रोजच्या कामाबद्दल एक-दोन वाक्ये, कारण त्याविषयी कोणी सांगत नाही. पहिले सहा महिने तुम्ही लेबलवरच्या तारखा तपासाल, प्रशिक्षणाच्या नोंदी स्वतः फाइलला लावाल आणि मोजमापाची उपकरणे वेळेवर तपासून आली की नाहीत याचा पाठपुरावा कराल. ज्यांना हे कमीपणाचे वाटते ते लवकर परततात. मला ते आवडले, कारण मोठ्या कंपनीत ज्या गोष्टीचा मी केवळ अहवाल वाचत असे ती प्रत्यक्ष कशी घडते हे मला प्रथमच समजले.

उंबरठ्यावर

सर्वांचे मनापासून आभार. यादी करून पाहिली. ज्यांच्यावाचून माझे अडले असते अशी सर्वाधिक नावे प्रयोगशाळा आणि संख्याशास्त्र या दोन ठिकाणची निघाली. चाचण्या बाहेरून करून घेता येतील. संख्याशास्त्राचे मला स्वतः शिकावे लागेल, आणि खरे सांगायचे तर ते शिकायला मिळेल याचा आनंदच झाला.

संस्थापकांशी पुन्हा बोलले. गेल्या वर्षी दोन बॅच नाकारल्या गेल्या आणि त्यांचे कागद त्यांनी कोणतेही आढेवेढे न घेता दाखवले. मात्र आधीच्या प्रमुख वर्षभराच्या आतच सोडून गेल्या आणि त्याचे कारण 'स्वभाव जुळले नाहीत' एवढेच मिळाले. त्यांचा संपर्क देण्यास संस्थापकांनी नकार दिला नाही. ऑप्शनविषयी: चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणार, पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच नाही. आकडा मोठा दिसतो, पण त्याचा अर्थ लावता येत नाही.

हिशेबनीस

ऑप्शनचा नुसता आकडा निरर्थक असतो. दहा हजार ऑप्शन म्हणजे कंपनीचा शंभरावा हिस्सा असू शकतो किंवा लाखावा. सर्व शेअर, सर्व दिलेले व राखून ठेवलेले ऑप्शन आणि शेअरमध्ये बदलू शकणारी सर्व कर्जे धरून एकूण किती शेअर होतात ते विचारा आणि त्यातली आपली टक्केवारी काढा. पुढे नवे गुंतवणूकदार येतील तशी ती टक्केवारी घटत जाईल, हेही गृहीत धरा.

त्यानंतर गुंतवणूकदारांचा अग्रहक्क विचारा. समजा त्यांनी ६० कोटी घातले आहेत, कंपनी ७० कोटींना विकली गेली आणि घातलेली रक्कम आधी परत घेण्याचा हक्क त्यांच्याकडे आहे. अशा वेळी पहिले ६० कोटी त्यांचे, आणि तुमची टक्केवारी लागू होते ती उरलेल्या १० कोटींवर. वर्तमानपत्रात मात्र कंपनी ७० कोटींना विकली गेली असेच छापून येईल. नोकरी सोडल्यावर पात्र झालेले ऑप्शन किती दिवसांत पैसे भरून घ्यावे लागतात तेही पाहा. अनेक योजनांत ही मुदत ९० दिवसांची असते, आणि नेमक्या त्याच वेळी हातात पैसे नसतात.

माझा सल्ला असा की निर्णय घेताना ऑप्शनची किंमत शून्य धरावी. रोख पगारावर घर चालत असेल आणि काम हवेसे वाटत असेल तर जावे. ऑप्शनची किंमत धरल्यावरच गणित जुळत असेल तर ते जुळत नाही असे समजावे. आणि ज्यातून तुमचा पगार येणार आहे ती तिजोरी किती महिने पुरेल हे विचारायला संकोच करू नका: बँकेतली शिल्लक भागिले दरमहा होणारी निव्वळ तूट. प्रमुखपदावर येणाऱ्या माणसाला हा आकडा सांगायला संस्थापक कचरत असतील तर पुढे गुणवत्तेवरचा खर्च मागताना काय होईल याची कल्पना करा.

अखेरचीसही

दोन नाकारलेल्या बॅच आणि त्यांचे कागद बिनदिक्कत दाखवणे, ही मी ऐकलेल्यांपैकी चांगली लक्षणे आहेत. आधीच्या बाईंशी मात्र जरूर बोला. त्यांना 'कंपनी कशी आहे' असे विचारू नका. त्या सौजन्याने काहीतरी गुळमुळीत सांगतील. त्या दोन बॅच कोणाच्या सहीने थांबल्या आणि सही केल्यानंतरच्या आठवड्यात काय झाले, एवढेच विचारा. सही त्यांची असेल आणि त्यानंतर त्यांना बैठकांना बोलावणे बंद झाले असेल, तर स्वभाव कशावरून जुळले नाहीत ते तुम्हाला कळेल. उलट बॅच त्यांना मोकळ्या करायच्या होत्या आणि थांबवल्या संस्थापकांनी, असेही निघू शकते. मग मी तुमच्या जागी असते तर होकार द्यायला फार विचार करत बसले नसते.

परतण्याविषयी तुम्ही विचारले होते, ते राहून गेले. मोठ्या कंपन्या परत घेतात, पण बहुधा तुम्ही सोडली त्याच पायरीवर किंवा एक पायरी वर, तीन पायऱ्या वर नव्हे. जाताना अर्धवट चौकशा नीट हस्तांतरित करा, नोटीसचा काळ पूर्ण काम करून संपवा, आणि कार्यपद्धतीचा एकही दस्तऐवज, अगदी स्वतः लिहिलेला कोरा तक्तासुद्धा, सोबत नेऊ नका. तो कंपनीचा असतो, आणि नव्या जागी कार्यपद्धती तिथल्या कामावरूनच लिहिल्या तर ऑडिटमध्ये टिकतात. राजीनामा मात्र बॅच रोखण्याच्या अधिकाराचे वाक्य असलेले, सही झालेले पत्र हाती आल्यावरच द्या. तोंडी होकारावर देऊ नका.